आत्याबाईंचं शिळ्याचं आम्लेट

महिना-सव्वा महिना झाला असेल. सकाळी नांदेडच्या घरात चहाचं आधण ठेवलं होतं आणि लातूरहून धाकट्या दिरांचा, मधुकरभावजींचा फोन आला. एवढ्या सकाळी त्यांचा फोन म्हणजे काय, ते मला उचलण्याआधीच कळलं. "वहिनी, आई गेली… झोपेतच," एवढं बोलून ते थांबले. आणि मी काय विचारावं? "रात्री जेवल्या होत्या का?" शेजारी उभे असलेले माझे यजमान प्रल्हादराव माझ्याकडे बघतच राहिले. भावजींना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. "हाव, जेवली की. अर्धं आम्लेट खाल्लं, वाटीभर दूध पिली, न् लाइटी कामून चालू ठिवल्या म्हणून आम्हालाच रागावली." मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी हायसं वाटलं.

असं लिहिलेलं काहींना आवडणार नाही. पण मी उभा जन्म सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढला आहे. अंथरुणाला खिळलेली माणसं, त्यांच्या पाठीच्या जखमा, उशाशी बसून थकलेल्या सुना आणि लेकी… सगळं बघितलं आहे. आत्याबाईंना मरणाची भीती नव्हती, अंथरुणाला खिळण्याची मात्र होती. "सुमन, माजं हागनं-मुतनं कुनाला काडाया लावू नको बरं का," असं त्या मला दर भेटीत बजावायच्या, जणू ती तजवीज माझ्याच हातात होती. नव्वदीच्या घरात पोचलेलं माणूस स्वतःच्या पायांनी ताटावरून उठतं, दिव्यावरून पोराला रागावतं आणि झोपतं, याहून अधिक मी तरी त्यांच्यासाठी काय मागणार होते? त्या सुटल्या, आणि त्यांनी आम्हालाही त्या धास्तीतून सोडवलं.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. त्यांचं नाव सोजरबाई. माझं माहेर नांदेडचं. वडील गिरणीत बदली कामगार. पाळी मिळाली तर काम, नाही तर घरी, अशा माणसाने मला नर्सिंगला घातलं, आणि आमच्या घराण्यात सरकारी पगार घेणारी मी पहिली. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा लातूर नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. प्रल्हादराव तिकडच्या कचेरीतून बदली घेऊन नव्या जिल्ह्याच्या कचेरीत आलेले कारकून. गावात जिकडे तिकडे नव्या पाट्या रंगवणं चाललेलं, आणि भाड्याची खोली मिळणं म्हणजे लॉटरी. आम्हाला एका ओळीतल्या तीन खोल्या मिळाल्या. भिंतीला भिंत लावून महानंदाकाकूंचं बिऱ्हाड होतं. किराणा दुकानवाले लिंगायत, गळ्यात लिंग, माणसं सोन्यासारखी, पण अंड्याचं नाव काढायचं नाही.

घरात आल्या आल्या मला आत्याबाईंच्या स्वयंपाकघराचे दोन कायदे कळले. पहिला, रात्रीची भाकरी तव्यावरून थेट पानात पडली पाहिजे आणि ती थापायची सुनेने. दुसरा कायदा कुणी बोलून दाखवत नसे, पण तोच जास्त पक्का होता. सकाळचं जे काही उरलं असेल, ते आत्याबाईंच्या पानात. पोराला ताजं, सुनेला जमलं तर ताजं आणि स्वतःला शिळं. वाटीत तळाला राहिलेली आमटी, कडक झालेली भाकरी, दोन घास भात. मी आधी वाढून घेते म्हटलं तर वाटी पदराआड धरायच्या.

माझी नेमणूक शिरूर अनंतपाळच्या बाजूला होती. सकाळी पहिल्या बसने जायचं आणि संध्याकाळी जी मिळेल तिने परतायचं. परतीच्या बसचं काही खरं नसे. मी घरी पोचायची तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असायची आणि आत्याबाई उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. चेहरा लाल, श्वास फुललेला. "आलीस?" एवढंच म्हणायच्या. केवढा राग भरलाय यांच्यात, असं वाटायचं. चपला एकीकडे, पर्स दुसरीकडे फेकून मी परातीकडे धावायची.

पुढे आमची मुलगी झाली. बाळंतपणाची रजा संपली आणि मी पुन्हा कामावर जाऊ लागले, तसे प्रल्हादराव कुरकुरायला लागले. माणूस वाईट नाही हो, पण त्यांच्या कचेरीत चार जणांच्या बायका घरी होत्या आणि दुपारी डब्यात गरम पोळ्या यायच्या, त्याचा परिणाम. एक दिवस जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "आईला आता पोरीमागं धावणं होत नाही. तू रात्री येणार, मग भाकरी होणार. पावसाळा लागेपर्यंत बघू, मग राजीनामा देऊन टाक." आत्याबाई समोरच ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना हेच हवं आहे, असा मी त्याचा अर्थ घेतला. त्या दिवसापासून बसच्या खिडकीत बसले की मला वडील दिसायचे. माझ्या नेमणुकीची बातमी ऐकून पाळी सोडून गिरणीतून घरी धावत आलेले… त्यांना आता काय सांगू, हे मला सुचत नव्हतं.

त्याच सुमारास घरात फ्रीज आला. एका साहेबांची बदली झाली, जाताना त्यांनी जुना फ्रीज प्रल्हादरावांच्या गळ्यात मारला. दार लागायचं नाही म्हणून त्याला बाहेरून सुतळी बांधलेली. आत्याबाईंचा त्या कपाटावर काडीचा विश्वास नव्हता. थंडीत ठेवलेलं अन्न खाल्लं की पोट धरतं, असं त्यांचं ठाम मत. पण अन्न टाकवतही नसे. मग त्यांनी स्वतःची पद्धत काढली. सकाळची उसळ, वांग्याची भाजी, पिठलं, सगळं वाट्यांतून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दुपारी त्याच वाट्या काढून, वर चाळणी झाकून, ओट्यावर उन्हात मांडायच्या. "थंडी जाऊ दे तिची," म्हणायच्या. म्हणजे टिकावं म्हणून थंड करायचं आणि मग नासावं म्हणून तापवायचं! मी नर्स, मला ते बघवायचं नाही. जंतू, जुलाब, सगळं समजावून झालं. "मंग मी कशी जित्ती हाय?" या एका प्रश्नावर माझं सगळं शिक्षण गारद व्हायचं. शेवटी उन्हाची जागा मी तव्याला दिली. निदान गरम तरी करून खा, एवढं कबूल करून घेतलं.

आणि मग दुष्काळ पडला. लातूरच्या माणसाला दुष्काळ समजावून सांगायची गरज नाही. नळ आटले, टँकर येऊ लागले, आणि टँकरचा आवाज आला की अख्खी गल्ली हंडे घेऊन पळायची. आत्याबाई या बाबतीत जुन्या खेळाडू. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी रोजगाराच्या कामावर खडी फोडली होती, मुलं पदरात असताना. पाणी कुठं सांडतं हे त्यांना झोपेतसुद्धा कळायचं. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीत, भाजी धुतलेलं भांड्यांना, भांड्यांचं तुळशीला नाही तर अंगणातल्या शेवग्याला. पण संध्याकाळची भाकरी मात्र सुटली नव्हती. पीठ मळायला पाणी, परात धुवायला पाणी, आमटीला पाणी. मी बसमधून उतरून घामेजलेली यायची, आणि तोंडावर मारायलाही पाणी नसायचं.

अशाच एका संध्याकाळी शिरूरहून निघालेली आमची बस निम्म्या वाटेत बंद पडली. मागून दुसरी येईल म्हणून आम्ही रस्त्याकडेला बसलो. ती येईना. अंधारून यायला लागलं तसा माझा जीव वरखाली होऊ लागला. लातूरकडे रिकामा निघालेला पाण्याचा एक टँकर थांबला. ड्रायव्हरने मला ओळखलं. त्याच्या पोराला मी लस टोचली होती. "बाई, बसा वर, गावात सोडतो," म्हणाला. मी आणि एक म्हातारी अशा दोघी केबिनमध्ये चढलो. सगळ्या रस्त्याने माझ्या डोक्यात एकच विचार. आता पोरगी रडत असेल, आत्याबाई फणफणत असतील, आणि प्रल्हादराव म्हणणार, 'बघ, मी म्हणालो नव्हतो?' आज रात्रीच राजीनाम्याचा विषय निघणार, अशी माझी खात्रीच झाली होती. टँकर स्टँडकडे वळलाच नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याने मला उतरवलं.

घराला कुलूप. महानंदाकाकू माझ्या लेकीला कडेवर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होत्या.

"काकू, आत्याबाई कुठायत?"

"इष्टँडवर की वो. तुमी संगं न्हाई आलाव?" मग माझ्याकडे नीट बघून त्या म्हणाल्या, "रोज जात्यात तसं गेल्यात."

"रोज?"

"रोजच की. पोरगी माज्यापाशी ठिवत्यात न् जात्यात. तुमची बस लागली, तुमी खाली उतरलाव की बोळातून लगालगा पुढं येत्यात. सांगू नगा म्हनल्या होत्या… निघालं बगा तोंडातून."

मी पायरीवरच बसले. म्हणजे तो फुललेला श्वास राग नव्हता, ते धावणं होतं! त्यांच्या मांडीवरच्या सुपात कधी काही निवडून झालेलं नसायचं, हे मी रोज बघत होते आणि तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता. पन्नाशी उलटलेली बाई रोज संध्याकाळी स्टँडवर येऊन मला उतरताना बघायची आणि मला कळू नये म्हणून बोळातून पळत घरी यायची. आणि मी तिच्या भीतीने परातीकडे पळायची. मला हसावं की रडावं ते कळेना. काकूंनी मुलगी माझ्या मांडीत दिली आणि त्या घरात जाऊन आमच्या कुलपाची किल्ली घेऊन आल्या.

तेवढ्यात प्रल्हादराव कचेरीतून आले, ऐकलं आणि सायकल तशीच वळवून स्टँडकडे गेले. परत आले ते आत्याबाईंना कॅरिअरवर बसवून. नंतर त्यांनी सांगितलं, आई चौकशीच्या खिडकीला धरून उभी होती. "माजी सून त्या बसमधी हाय, ती आल्याबिगर मी हलत न्हाई," असं म्हणून आत बसलेल्या माणसाला तिने जेरीस आणलं होतं. आत्याबाई सायकलवरून उतरल्या. मला दंडांना धरून वर-खाली बघितलं, आपण लहान मूल पडल्यावर बघतो तसं. "लागलं न्हाई ना कुटं?" मी मान हलवली. "मंग जिवाला घोर कामून लावतीस गं?" म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसून तडक स्वयंपाकघरात गेल्या. त्यांचे डोळे ओले होते, ते मी बघितलं. मला इतकं बरं वाटलं होतं की त्या रागावल्या असत्या तरी मला ते गोड लागलं असतं.

हंड्यात तळाशी पाणी होतं आणि टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. पीठ मळायचं नावच नव्हतं. मी पदर खोचून उठले तर आत्याबाईंनी मला हाताने मागे सारलं. फ्रीजची सुतळी सोडली आणि आतलं सगळं बाहेर मांडलं. सकाळची मुगाची उसळ, मूठभर मोकळा भात, अर्धा चिरलेला कांदा, दोन मिरच्या, कोथिंबिरीच्या नुसत्या काड्या, काकूंनी सकाळी दिलेली शेंगदाण्याची चटणी. अंडी होतीच, अंगावर पाजणाऱ्या बाईने खावीत म्हणून प्रल्हादराव माझ्यासाठी आणायचे. ती पातेल्यात फोडून त्यांनी चमच्याने अशी काही फेटली की आवाज ओसरीपर्यंत गेला असेल. तव्यावर तेलाचा थेंब, त्यात कांदा, मग उसळ आणि भात परतून घेतला, पाणी आटेपर्यंत. मग वरून अंडं ओतलं आणि तवा उचलून गोल फिरवला. मी बघतच राहिले. आमच्याकडे अंड्याचा रस्सा व्हायचा, नाही तर उकडून व्हायचं. आम्लेट या बाईने जन्मात केलं नव्हतं.

"हे कुठं शिकलात, आत्याबाई?"

"इष्टँडवर. तिथं अंड्याचा गाडा हाय न्हवं, त्याच्यापशी हुबी राहते मी. तुजी बस काय येळंवर येती व्हय? मंग त्याचा तवा बघत बसायचं." उलथणं कडेने फिरवत त्या म्हणाल्या, "कडा सुटल्याबिगर हात लावायचा न्हाई. तो बी न्हाई लावत."

प्रल्हादरावांनी पहिला घास तोडला आणि बोटांनी उकलून बघितला. "आई, यात सकाळची उसळ घातलीस?"

"घातली. मी रोजच शिळं खाते की. एक दिस तुमी बी खा."

ते खाली मान घालून खाऊ लागले आणि थोड्या वेळाने ताटली पुढे केली, "आणखी आहे का?" त्या रात्री आत्याबाईंची वेगळी वाटी नव्हती. सगळं सगळ्यांच्या पोटात सारखं गेलं. धुवायला एक तवा, एक पातेलं. तवा तर त्यांनी कागदाने पुसूनच टांगला.

पाणी वाचतं, या सबबीवर मग ते रोजचंच झालं. सकाळी भाकरी-भाजी रीतसर आणि रात्री फ्रीजमध्ये जे असेल त्याचं आम्लेट. शेवग्याच्या शेंगांचा गर, मेथीची भाजी, पिठल्याचा गोळा, एकदा तर भरल्या वांग्यातलं नुसतं सारण. कधी ते इतकं भरगच्च व्हायचं की उलटताना त्याचे चार जिल्हे व्हायचे. महानंदाकाकू वास आला की त्यांच्या बाजूची खिडकी लावून घ्यायच्या, आणि सकाळी मला हळूच म्हणायच्या, "कांदा मात्र चांगला परतता वो तुमी." त्यांची चटणी भाकरीबरोबर संपली, असंच आम्ही त्यांना शेवटपर्यंत सांगत आलो. आत्याबाईंचं स्टँडवर जाणं आता उघड झालं होतं. तरी त्या पुढे चालायच्या आणि मी मागे. लोकांत सुनेचा हात धरून चालणं त्यांना जमत नव्हतं.

पण माझ्या डोक्यावरची टांगती तलवार तशीच होती. पावसाळा लागेपर्यंत, असं प्रल्हादराव म्हणाले होते. सगळं लातूर आभाळाकडे डोळे लावून बसलेलं आणि मी एकटीच पाण्याला भीत होते. पाणी आलं की सबब संपणार, रात्रीची भाकरी परत येणार आणि नोकरी जाणार. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. दुष्काळ लांबावा असं म्हणणारी बाई लोकांनी गल्लीतून हाकलली असती.

पाऊस झाला, धरणात पाणी आलं, नळ सुरू झाले. लोकांनी अंगणं धुतली. त्यानंतर दोन-चार दिवसांत, आम्ही जेवायला बसलेलो असताना, प्रल्हादरावांनी घसा खाकरला.

"आता पाणी आलं. आता पहिल्यासारखा नीट स्वयंपाक होऊ द्या घरात. आणि सुमन, तो अर्ज लिहायचं काय झालं?"

माझा हात ताटलीतच राहिला. आत्याबाई तव्यापाशी होत्या. त्यांनी उलथणं खाली ठेवलं.

"पानी आलं ते नळाला आलं. तिची बस काय लवकर याया लागली का?"

"पण आई, तुला होत नाही म्हणूनच तर मी…"

"मला होत न्हाई म्हनून म्या कवा सांगितलं तुला? इचारलंस का मला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "तिच्या बापानं शिकवलं तिला. तू कोन सोड म्हननारा? गरम भाकर पायजे ना तुला, ती बग परात. शिक."

प्रल्हादरावांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शेवटी परातीकडे बघितलं. मी हात धुवायच्या निमित्ताने न्हाणीघरात गेले, दार लावलं, नळ सोडला आणि हुंदके देऊन रडले. कित्येक महिने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडत होतं, आणि नळाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मी निर्धास्त होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. "सुमन, रड पायजे तितकी. नळ बंद कर आदी. लई पानी झालं व्हय?" रडता रडता मला असं हसू फुटलं की मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

प्रल्हादराव शिकले. लगेच नाही, आणि आवडीनेही नाही. रविवारी ते भाकरी थापायला बसायचे आणि त्यांच्या कचेरीच्या भिंतीवर नव्या जिल्ह्याचा जो नकाशा होता, तो परातीत उमटायचा. आत्याबाई तो उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्यो उदगिराकडून फाटला." पण राजीनाम्याचा विषय त्या घरात परत निघाला नाही. माझी बदली औशाला झाली, मग अहमदपूरला, बढती मिळून शेवटी नांदेडला. माझ्या निवृत्तीच्या निरोपसमारंभाला आत्याबाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या. भाषणं लांबली तशा मोठ्यांदा म्हणाल्या, "आवरा की आता, तिला भूक लागली आसंल." सगळं सभागृह हसलं. मला तेव्हा वडिलांची फार आठवण आली. ते असते तर त्यांच्या शेजारीच बसले असते.

आम्ही नांदेडला राहिलो, पण त्या लातूर सोडायला तयार नव्हत्या. मधुकरभावजींच्या घरी, खालच्या खोलीत होत्या. मी जायची तेव्हा त्यांची नखं कापायची, केस विंचरायची. शेवटच्या भेटीत नखं कापता कापता मी इतक्या वर्षांनी त्यांना विचारलं, "आत्याबाई, तुम्ही तेव्हा स्टँडवर कशाला यायचात हो? मी काय लहान होते?"

त्यांनी डोळे मिटले. झोप लागली की काय, असं मला वाटलं.

"खडीवरनं अंधार पडल्यावर घरी यायचे मी," त्या म्हणाल्या. "समदे दारात बसलेले असायचे. दुरून बघून मला बरं वाटायचं, मनात म्हनायचे माजी वाट बघायलेत… जवळ गेलं की कळायचं. भाकरीची वाट बघायचे ते." मग हात माझ्यापुढे करून म्हणाल्या, "म्हनून यायचे तुज्या बसला. दुसरं काय न्हाई. अंगठ्याचं ऱ्हायलं बग."

मी अंगठ्याचं नख कापलं. त्यांनी हे मनात ठेवून जायला नको होतं, आणि नाही गेल्या, याचं मला फार समाधान आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लातूरला भावजींचं घर माणसांनी भरलं होतं. भंतेजी आले, वंदना झाली, गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी आठवणी सांगितल्या. महानंदाकाकूही नातवाचा हात धरून आल्या होत्या. संध्याकाळपर्यंत पाहुणे पांगले, दीर-जाऊ दमून वर गेले. खाली आम्ही दोघंच. भूक अशी नव्हती, पण पोटात सकाळपासून काही नव्हतं. फ्रीज उरलेल्या अन्नाने भरलेला. मटकीची उसळ, भात, कोशिंबिरीचे टोमॅटो, ताटल्या झाकून ठेवलेले. मी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले, तर प्रल्हादराव माझ्या आधी उठले. त्यांना नीट दिसत नाही आता, चष्मा कपाळावर सारून कांदा चिरला. एक अंडं पातेल्यात पडलं, दुसरं ओट्यावर. उसळ जास्तच घातली आणि कडा सुटायच्या आत उलथणं घातलं, त्यामुळे ते फाटलं. मला सगळं दिसत होतं आणि हात शिवशिवत होते, तरी मी जागची हलले नाही. आमच्यात बाई शेवटी जेवते, सगळ्यांचं झाल्यावर, निवलेलं. आता खाली सून नव्हती, सासू नव्हती, वाढून द्यायचं असं कुणीच उरलं नव्हतं. त्यांनी पहिलं आम्लेट माझ्या ताटलीत सरकवलं, आणि दुसरं घालायला तव्याकडे वळले. त्यांचं होईपर्यंत थांबावं, असं एकदा मनात आलं. पण मी थांबले नाही. गरम होतं तोवरच खाल्लं.